घुमणारा डबा

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार

लिहायचं लिहायचं म्हणून महिना काढला. ही वही धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर घेतली होती, पुस्तकांच्या स्टॉलवर, गर्दीत आईचा हात सुटला तेव्हा. आई मला शोधून रडकुंडीला आलेली आणि मी वह्यांची पुठ्ठी चाचपून पाहत उभी! रोज लिहीन असं ठरवलं होतं. मग काय, आधी पेन नव्हता. पेन मिळाला तर धान कापणीला आलं. मग मैत्रीण रीनाच्या बाळाला पाहायला गेली आणि चार दिवस तिथंच राहिली —

खोटं आहे सगळं. लिहायला बसली की एक गोष्ट लिहावी लागेल, म्हणून टाळत होती.

आजही नाही लिहीत ती. आज फक्त डब्याचं लिहिते.

आमच्या फ्रीजच्या वर, भिंतीतल्या फळीवर स्टॅबिलायझर आहे. घरी त्याला डबाच म्हणतात. हिरव्या पत्र्याचा, बाबांच्या दुकानात बनलेला. पोटात अर्ध्या विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, तांब्याची तार गुंडाळलेला. तेरा वर्षं मुका होता. आंधळगावात लाइनच इतकी ढिली असायची की बल्ब आजारी माणसासारखा दिसायचा. दिवाळीच्या आधी आमच्या मोहल्ल्याला नवीन डीपी, म्हणजे विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, बसला. लाइन एकदम टाइट. पंखे असे फिरतात की कॅलेंडर उडते. आणि तेव्हापासून डबा घुमतो. घूंऽऽऽ — पत्र्याच्या पेटीत भुंगा कोंडल्यासारखा. फ्रीज चालू झाला की भुंगा चालू, फ्रीज थांबला की भुंगा गप्प.

आणि प्रत्येक वेळी बाबा जेवता जेवता मान वर करतात आणि म्हणतात, "ऐका. धनीराम बोलून राहिला."

मी वरण वाढून घेते. खाली पाहते.

७ नोव्हेंबर, मंगळवार

आज नाही. दिवसभर भारे बांधले, पाठ गेली. हैदराबादच्या पॅकिंग कंपनीत बारा तास उभी राहत होती तर काही होत नव्हतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

धनीराम म्हणजे धनीकाका.

बाबांचं दुकान बाजार चौकात आहे. आता नुसतं "गुलाब इलेक्ट्रिकल्स", पण पाटीवर डावीकडे रंगाचा एक जाड पट्टा आहे. त्या पट्ट्याखाली "धन" आहे. धनगुलाब! धनीराम आणि गुलाब. पाटी दोघांनी मिळून रंगवली होती, म्हणून "ध" बाबांसारखा सरळ आणि "न" काकासारखा वाकडा. मोहाडीपासून तुमसरपर्यंतचे लोक यायचे. १९९९ मध्ये जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा मी चार वर्षांची. बाबा गिऱ्हाइकांना म्हणायचे म्हणे, "जिल्हा फुटला तर फुटू द्या, धनगुलाब नाही फुटत!"

पाच वर्षं टिकलं ते वाक्य.

काय दुकान होतं पण! वॉर्निशचा वास. तो वास मला अजून कुठं आला की पाय थांबतात. रायपूरला एका फर्निचरवाल्यापुढे अशी थांबली की तो म्हणाला, मॅडम सोफा चाहिए क्या? मॅडम म्हणे! पायात तेव्हा तुटकी चप्पल होती. आत एका कोपऱ्यात काकाचं वाइंडिंग मशीन. मशीन म्हणजे एक हँडल, एक दांडा, दांड्यावर बॉबिन. हँडल फिरवलं की बॉबिनवर तार बसत जाते, एकाला एक चिकटून, शिंप्याच्या रिळासारखी. काका फिरवणार, बाबा पुढचं करणार — लोखंडी पट्ट्या भरणं, बोल्ट आवळणं, वॉर्निशमध्ये बुडवणं. तारांची टोकं बाबा कोशाच्या रेशमी धाग्याने बांधायचे, विणकरांकडून तुकडे आणून. म्हणायचे, असा धागा जपानातबी नाही भेटत. जपान त्यांना कुठून माहीत होतं कोण जाणे.

शेवटी बाबा पेचकसाचं टोक ट्रान्सफॉर्मरला लावायचे आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग म्हणायचे, "निजला." म्हणजे आवाज नाही, पास!

मशीनचं मीटर बिघडलं होतं, फेरे मोजायचं. दुरुस्त होत नव्हतं. म्हणून मीटर मी होती.

मी शाळेतून आली की स्टुलावर बसायची. काका एक फेरा फिरवणार, मी एक आकडा म्हणणार. शंभर झाले की वाटीत एक चिंचोका टाकायचा आणि परत एकपासून. मोठ्या डब्याला सात चिंचोके लागायचे. सातशे फेरे. काका स्वतः मोजायचा नाही, गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, म्हणायचा, "माह्या डोक्यात खर्रा भरला आहे, मोजायले जागा नाही. तू मोज वं, माय." मी मोजायची. शाळेत मला पाढे येत नव्हते, पण दुकानात चुकायची नाही. काका सगळ्यांना सांगायचा, "गुलाबच्या पोरीचा आकडा म्हणजे सरकारी आकडा!"

आज एवढंच. हात थांबला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारचे सेवकरामभाऊ आले होते, पत्रावळीएवढी पपई घेऊन. भुंगा चालू झाला. सेवकरामभाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "काहो गुलाबभाऊ, घरात मधमाशा पाळल्या का?"

"नाही. धनीराम पाळला आहे," बाबा म्हणाले.

"अजूनबी राग आहे का हो? तेरा वर्षं झाले!"

"राग कायचा? डब्यात फेरे कमी आहेत. त्यानं तार वाचवली. ढिल्या लाइनवर दिसलं नाही, आता लाइन पूर्ण आली तर त्याची चोरी बोलून राहिली. मी काही नाही बोलत. डबाच बोलते."

आई आतून ओरडली, "मग फेका ना तो डबा! माहं डोकं उठलं!"

"नाही फेकत. पुरावा आहे तो."

मग संध्याकाळी त्यांनी बोल्ट आवळून पाहिले. बांबूची चिपटी ठोकून पाहिली. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला. थोडा कमी झाला, मग परत. पेचकस कानाला लावून बराच वेळ उभे होते. मला वाटलं, ते आवाज बंद करायला नाही, ऐकायलाच उभे आहेत. बाबांना धनीकाकासारखा दोस्त परत मिळाला नाही. संध्याकाळी दुकान बंद करून एकटेच येतात. आधी दोघं यायचे, सायकली हातात धरून, चालत, भांडत. मी आणि शुभांगी मागून, त्यांच्या चालीची नक्कल करत. शुभांगी म्हणजे काकाची पोरगी. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, म्हणून मला "ए लहान" म्हणायची.

१२ नोव्हेंबर, रविवार

लिहिते. आता लिहूनच टाकते.

२००४ चा एप्रिल. दोन डबे करायचे होते. एक लाखनीच्या उषाबाईंचा, शाळेतल्या बाई, त्यांच्या घरी नवीन फ्रीज आला होता. दुसरा आमच्या घरचा, कारण बाबांनीही जुना फ्रीज आणला होता. बाबा भंडाऱ्याला सामान आणायला गेलेले. काका फिरवत होता, मी मोजत होती. वाटीत चार चिंचोके पडले होते.

बाहेरून शुभांगी ओरडत आली, "उंट आला! उंट!"

आंधळगावात उंट! आमच्याकडे म्हशी, बकऱ्या, फार तर माकडं. उंट मी पुस्तकात पाहिला होता. कोणी राजस्थानवाला गावोगाव फिरवत होता, चौकात पोरांना बसवून चक्कर मारत होता. गावातली सगळी पोरं त्याच्या मागे. नेमका काका खर्रा घोटायला उठला. मी पळाली. उंटाचा गुडघा पाहिला, केवढा खडबडीत! त्याने ओठ वाकडा केला तर आम्ही किंचाळलो. शुभांगीचा नंबर लागला होता, तिच्यामागे माझा. तेवढ्यात दुकानातून हाक — "अवं मीटर! कुठी गेली?"

परत आली. काका हँडल धरून बसला. "कितीवर होतो वं?"

वाटीत चार होते. चारशेवर होतो आम्ही.

माझ्या मुठीत एक चिंचोका होता. मी तो टाकला. म्हटलं, "पाच."

काकाने वाटीत पाहिलं. पाच दिसले. "सरकारी आकडा!" म्हणाला आणि फिरवायला लागला. दोनशे फेरे आणि सुट्टी. मग त्याने दुसरी बॉबिन चढवली. पहिलं खपलं होतं, म्हणून दुसऱ्यातही एक चिंचोका आधीच टाकला. उंट चालला होता पुढच्या गावाला! मी धावत गेली, मला चक्कर मिळाली. उंटावरून आमच्या दुकानाचं कौल दिसलं.

एवढंच. दोन चिंचोके.

बाबांनी परत येऊन दोन्ही डबे तपासले. आपल्या ढिल्या लाइनवर. दोन्ही निजले. पास.

१३ नोव्हेंबर, सोमवार

लाखनीत लाइन चांगली. हायवेचं गाव. उषाबाईंचा डबा तिथं पहिल्याच दिवशी घुमला. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. बाबा जाऊन ऐकून आले. परत आले तर तोंड काळंठिक्कर. दुकानात पोरांसमोर, गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "धन्या, फेरे कमी आहेत."

काका हसला. "कमी कसे राहतीन? सातशे भरले."

"मग घुमते कायले? तार कुठी गेली?"

त्या "तार कुठी गेली" ने दुकान फुटलं.

काका उठून उभा राहिला. मशीनच्या हँडलवर हात ठेवला. "ह्या हँडलची शपथ, गुलाब. एक बोट तार मी —"

"शपथेनं फेरे वाढत नाहीत," बाबा म्हणाले.

आणि तेव्हा काकाने माझ्याकडे पाहिलं.

मी स्टुलावर होती. मी माझ्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याचं नख तुटलं होतं, तेच पाहत राहिली. तो म्हणू शकत होता — मी मोजलं नाही, पोरीनं मोजलं, पोरीले विचार. एका वाक्याचं काम होतं. तो ते बोलला नाही. खर्र्याची पुडी खिशात टाकली, पायात चपला घातल्या आणि गेला.

महिन्याभरात ते लोक काकूच्या माहेरी, लाखनीला गेले. टेम्पोत सामान, वर शुभांगी. तिने हात केला. मी झाडामागे होती.

लोक मला विचारतात, तू एका जागी काहून नाही टिकत वं? नागपूरला चार महिने, रायपूरला तीन, हैदराबादला पाच. बारावीही अर्धी. मी हसते. म्हणते, पायाला चाकं आहेत. चाकं कशाची. कुठं कोणी माझ्यावर भरवसा ठेवायला लागलं की मी बॅग भरते.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा मोहाडीला गेले आहेत, संध्याकाळी येतील. मी डबा खाली काढला.

मला वाटलं होतं, कदाचित मलाच चुकीचं आठवत असेल. नऊ वर्षांची होती! कदाचित सातशे असतीलही. कदाचित काकानेच तार —. हे वाक्य लिहिलं आणि लाज वाटली, पण मनात आलं होतं हे खरं.

पट्ट्या काढल्या, बोटं कापली. आता तार उलगडते आहे. प्रत्येक शंभराला इथंच लिहिते.

१००

२०० — आई आली. "काय करून राहिली वं? फ्रीजमधलं दूध!" मी म्हटलं, थांब ना, बोलू नको! ती कपाळावर हात मारून गेली. दूध शेजारी ठेवायला.

३०० — मांजर. तारेशी खेळायला लागलं. हाकललं.

४०० — दारात कोणीतरी हाक मारली. गेली नाही! आयुष्यात पहिल्यांदा कोणी हाक मारली आणि मी गेली नाही.

५००

६००

संपली तार.

६०० आणि वर एकही नाही. वाटीसारखी रिकामी बॉबिन हातात आहे. तांब्याचा ढीग मांडीवर. एवढ्या सुंदर तारा बसवल्या होत्या काकाने, शेवटच्या थरापर्यंत एकही चढलेली नाही. फेऱ्यात त्याची एकही चूक नाही. चूक फक्त आकड्यात.

फ्रीज बंद. आता लपवायला काही राहिलं नाही. बाबा पाचच्या गाडीने येतील.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं काल.

बाबा दारात चपला काढत होते. ढीग पाहिला. "हे काय केलं?"

मी सांगितलं. उभ्यानेच. उंटापासून. उंटाशिवाय सांगता येत नव्हतं आणि उंट सांगायची इतकी लाज वाटली! आई चुलीपासून उठून आली आणि तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बावीस वर्षांची झाली तरी! मग स्वतःच रडायला लागली. "लेकरू होती हो, नऊ वर्षांची होती."

बाबांनी एवढंच विचारलं, "दोन्ही?"

"दोन्ही."

"अन् त्यानं तुह्याकडे पाह्यलं तवा?"

"मी खाली पाहिलं."

बाबा तारेच्या ढिगापाशी खाली बसले. मग आईला म्हणाले, "ती नऊ वर्षांची होती, वच्छला. मी पंचेचाळीसचा होतो. मले मोजून पाहाले कोणी मनाई केली होती? एक डबा खोलून मोजला असता तर. पण नाही. मी तार मोजली नाही, माणूस मोजला."

जेवले नाहीत. आज दुकानही उघडलं नाही. मला वाटत होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा सकाळी उठून म्हणाले, "चाल, लाखनी." मी मागे.

भंडाऱ्याला गाडी बदलली तेव्हा एक पेरू घेतला, अर्धा मला दिला. मीठ मागून घेतलं माझ्यासाठी. तेवढ्यावर मला रडू यायला लागलं, म्हणून खिडकीबाहेर पाहत बसली. ट्रकच्या मागे काय काय लिहिलेलं असते! एकावर लिहिलं होतं — हळू चल, घरी वाट पाहतात.

आधी उषाबाईंकडे गेलो. आता रिटायर आहेत, चष्मा जाड झाला आहे. बाबांनी हात जोडले. "बाई, तुमचा डबा मी घेऊन जातो. सुधरवून देतो. त्यात आमची चूक आहे."

"कोणता डबा?"

"घुमते तो. स्टॅबिलायझर."

"तो कुठी घुमते? तेरा वर्षांत नाही घुमला!" उषाबाई उठून आत गेल्या, आम्ही मागून. फ्रीजच्या वर तसाच हिरवा डबा. फ्रीज चालू. आवाज नाही. बाबांनी हात ठेवला, मग कान लावला. त्यांचे ओठ हलले. निजला, असंच म्हणाले असतील.

उषाबाई म्हणाल्या, "तुम्हाले माहीत नाही का? धनीराम आले ना इथं राहाले, त्याच आठवड्यात आले होते माह्याकडे. आपणहून. डबा खोलला, ह्या ओट्यावर बसून सगळी तार काढली, मोजली, अन् नवीन गुंडाळून दिली. मी म्हटलं, भाऊ, तुमचं तर दुकान सुटलं, आता कायले? तर म्हणे, मोजण्यात चूक झाली होती बाई, लेकराकडून होते. पण गुलाबचं नाव लागलं आहे डब्याले, नाव खराब होऊ नये."

लेकराकडून होते.

म्हणजे काकाला माहीत होतं. नुसता संशय नाही, मोजून माहीत होतं! तेरा वर्षं माहीत होतं आणि गावात एका माणसाला सांगितलं नाही.

बाबा ओट्यावर बसून राहिले. उषाबाईंनी चहा केला, तो गार झाला.

धनीकाकाच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, चार वर्षं झाली, दुर्गला गेले, जावयाकडे. तब्येत बरी नाही राहत, गुडघे गेले. तिच्याकडून नंबर मिळाला. बाबांनी रस्त्यातच उभ्याने लावला, ट्रकच्या आवाजात, एक कान दाबून. धनीकाकाच्या बायकोने, सत्यभामाकाकूंनी उचलला.

बाबा म्हणाले, "वहिनी, गुलाब बोलून राहिलो. धन्याले सांगा, त्याची चूक नव्हती. माह्या पोरीनं आकडा चुकवला होता. मले आता समजलं. मले त्याच्या पाया पडाले येऊ द्या."

काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणे, येऊ नका. म्हणे, ते तुमचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जातात. परत फोन नका करू म्हणे."

परतीच्या गाडीत बाबा झोपल्यासारखे बसले होते. झोपले नव्हते.

१९ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी दुकानातून मशीन घरी आणलं. तीच तार साफ केली, वर थोडी नवीन जोडली. म्हणाले, "मोज."

मी म्हटलं, मी? मीटर घ्या ना बाबा, आता मिळते.

"मोज म्हटलं ना."

सातशे मोजले. एक एक. आवाज बसला. काकासारखं त्यांना जमत नाही, तार चढते, परत सोडावी लागते. मध्ये एकदा थांबून म्हणाले, "धन्याचा हात वेगळाच होता वं. तारेले वाटाचं आपणच जाऊन बसावं." मग पट्ट्या, बोल्ट, वॉर्निश. दिवसभर उन्हात.

संध्याकाळी लावला. आवाज नाही.

आईने फ्रीजचं दार तीनदा उघडून पाहिलं. "चालू आहे का बंद आहे, समजूनच नाही राहिलं!"

बाबा जेवताना मान वर करत होते. सवयीने. काही म्हणायला नव्हतं.

२० नोव्हेंबर, सोमवार

शुभांगीला व्हॉट्सॲपवर शोधलं, काकूच्या नंबरवरून काही सापडत नाही. फेसबुकवर अकरा शुभांगी. सात पाहिल्या. मग एकीच्या पेजवर केकची कृती होती, कुकरमध्ये केक, ती वाचत बसली. अशी आहे मी.

२२ नोव्हेंबर, बुधवार

हैदराबादहून मालनबाईचा फोन. आमच्या पॅकिंगच्या लाइनवरची सुपरवायझर. जागा आहे, शुक्रवारपर्यंत ये. मी हो म्हटलं. कोणी विचारायच्या आत हो म्हटलं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जाय." रागाने नाही. "तुह्याच्यानं जेवढं झालं तेवढं तू केलं, पोरी. आता त्याचं अन् माहं."

पण नाही झालं ना. मी बाबांना सांगितलं, बाबांनी काकूंना सांगितलं. धनीकाकाला मी काहीच सांगितलं नाही. एकदाही. बॅग भरताना हेच डोक्यात. तरी भरली. दोन ड्रेस, चार्जर, ही वही वरच्या कप्प्यात. उद्या दहाची गाडी.

२३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

वही परत काढली.

नऊ वाजता दारात ऑटो थांबला, भंडाऱ्याचा. शुभांगी उतरली. कडेवर पोरगं, केस कापलेले, तरी मी ओळखलं! मला पाहून म्हणाली, "ए लहान." बस, तेवढंच. मग म्हणाली, माझे बाबा आहेत ऑटोत. आईनं तुमच्या फोनचं सांगितलं होतं; आज कोणालाच न सांगता मध्यरात्री उठून कपडे घालून बसले, म्हणाले चाल. रेल्वेने गोंदिया, मग भंडारा, मग हा ऑटो.

आमचे बाबा अनवाणीच धावत गेले. ऑटोचा पडदा बाजूला केला. धनीकाका आत बसला आहे, हातात काठी. बाबा त्याचा हात धरून रडायला लागले. काकाने हात सोडवला नाही, पण उतरलाही नाही. बाबांच्या डोक्यावरून आमच्या दाराकडे पाहत होता. म्हणाला,

"तू मागं हो, गुलाब. मी तुह्याकडे नाही आलो. त्या पोरीले पाठव."

आई हाक मारून राहिली. मी इथं आत बसून हे लिहून राहिली, म्हणजे अजूनही टाळूनच राहिली.

पुरे. जाते मी बाहेर.